एका पट्ट्याची लाईन

सरळ रेघ मारल्याबद्दल कुणाला शिक्षा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. शाळेत तर सरळ रेघेला मार्क मिळायचे. पण मी जालन्यात, भर कापसाच्या दिवसांत, उघड्या जमिनीवर पांढऱ्या फक्कीने एक सरळ रेघ मारली आणि त्यानंतर मला रस्त्याने धड चालता येईना. चालू लागलो की चार माणसं सोबत चालायची, थांबलो की कुणी खुर्ची आणायचं. आता चौऱ्याहत्तर सालातल्या माणसाने आवक-जावक कारकुनाला खुर्ची आणून द्यावी, हे जगरहाटीला धरून नव्हतं. तिथेच मला संशय यायला हवा होता. पण मी स्वभावाने जरा तंद्रीत राहणारा माणूस आहे. कचेरीत आलेलं पत्र जाणाऱ्यांत आणि जाणारं पत्र आलेल्यांत टाकल्याबद्दल मला दोन मेमो मिळालेले आहेत.

सुरुवात झाली ती बेबीनंदाच्या ऑर्डरीपासून. बेबीनंदा म्हणजे माझी बायको. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर माझ्या सासऱ्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे या सहा वर्षांच्या पोरीचं नाव शाळेत घातलं. सासूबाईंचं उभं आयुष्य जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडण्यात गेलं होतं. पोरगी मास्तरीण होणार हे दोघांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि एवढ्या वर्षांनी ते खरं झालं. बोरखेडीच्या प्राथमिक शाळेत नेमणूक, दिवाळीची सुट्टी संपली की सोमवारी हजर व्हायचं, न झाल्यास नेमणूक रद्द. ऑर्डर वाचून सासरे रडले, सासूबाईंनी गल्लीत गूळ वाटला, आणि मी नकाशा काढून बसलो.

बोरखेडी जालन्यापासून चार-साडेचार मैल. म्हणजे रोज चालत जावं इतकं जवळ नाही आणि एस.टी.ने दखल घ्यावी इतकं लांबही नाही. भोकरदनची गाडी फाट्यावर सोडते, पण कधी सोडते ते ड्रायव्हरच्या आंघोळीवर अवलंबून. जाफराबादची गाडी त्याहून प्रेमळ. फाट्यावर उभं राहून हात केला की ड्रायव्हरही हात करतो आणि निघून जातो. आणि फाट्यापासून पुढे दोन मैल चाल आहेच. तेव्हा उपाय एकच उरला, सायकल.

सायकलीचं नाव काढताच बेबीनंदाने दार लोटून घेतलं. जालन्यातल्या मस्तगडच्या बाजूला तेव्हा बाईमाणूस सायकलीवर दिसणं म्हणजे महिनाभर पुरेल एवढा विषय होता. ती म्हणाली, "शिकते मी. पण माझी एक अट हाय. मला पडताना कुणी बघायचं न्हाई."

अट रास्त होती. प्रश्न एवढाच की जालन्यात कुणी बघणार नाही अशी जागा कुठे आहे. आमच्या गल्लीत माणूस शिंकला तर पलीकडच्या गल्लीतून सुंठीचा काढा येतो.

पाशामियाँचं सायकलचं दुकान मस्तगडच्या उतारावर. तासाने सायकली देतात, पंक्चर काढतात, आणि दोन्ही कामांच्या मध्ये लोकांना आयुष्याबद्दल सल्ला देतात. त्यांच्याकडे बिनदांडीची एकच लेडीज सायकल होती. कुठल्याशा मिशनच्या नर्सबाई बदली होऊन जाताना देऊन गेल्या होत्या. पाशामियाँनी ती फडक्याने पुसली, घंटी वाजवून पाहिली आणि मला बाकड्यावर बसवलं. म्हणाले, "भाऊ, सायकल शिकायला दोन चीजा लागत्यात. खाली जमीन अन् समोर नजर. जमीन कुठं बी मिळंल. पण नव्या माणसाची नजर भटकती, अन् नजर जिकडं, चाक बराबर तिकडं. म्हणून समोर एक सीधी रेघ मारून द्या. भाभीला म्हणावं, फक्त रेघ बघायची. बिलकुल पडणार न्हाईत."

आणि मग मला लाईन आठवली.

आमच्याकडे लाईन म्हणजे केशरबाग जिनाची लाईन. निजामाच्या राजवटीत स्टेशनापासून या जिनापर्यंत रुळाचा एक फाटा टाकलेला होता. गाठी भरलेले डबे थेट जिनाच्या दारातून निघायचे. पुढे जिनाचं दिवाळं वाजलं, रूळ कुणीतरी उचलून नेले, पण लोकांच्या तोंडातली लाईन काही उचलली गेली नाही. उरला होता तो भराव. उंच, सपाट, सरळ. दोन्ही बाजूंना बाभळी आणि त्यांच्या काट्यांना अडकलेला कापूस. जिनाच्या मागे हा भराव संपतो तिथे जुनी नहर लागते, वरच्या तलावातून शहरात पाणी आणणारी. नहरीच्या काठाने पाऊलवाट आहे आणि ती थेट बोरखेडीच्या शिवारात उतरते. ना ट्रक, ना कापसाच्या बैलगाड्या, ना माणूस.

मी एका संध्याकाळी तिथे एकटा जाऊन उभा राहिलो. ऊन उतरलं होतं, दूरच्या चालू जिनाचा भोंगा वाजून गेला होता आणि नहरीचं पाणी इतकं हळू चाललं होतं की ते चाललंय हे कळायला एक वाळलं पान पडावं लागलं. मला फार बरं वाटलं. या जागेवरून एकेकाळी सगळ्या मुलखाचा कापूस गेला आणि आता इथून बेबीनंदा शाळेत जाणार. मग बेबीनंदाच्या मागे मला आणखी सायकली दिसू लागल्या. नर्सबाई, ग्रामसेवक, कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या लावलेले गवळी. दोन्ही बाजूंना कडुनिंब. मैलामैलावर एक बाकडं आणि पाण्याचा माठ. जिथे जिथे जुने भराव आणि पाट असतील तिथे तिथे हीच वाट, जाफराबादेपर्यंत, भोकरदनपर्यंत, आणि कुठेही हॉर्न नाही, फक्त घंट्या. घरी आलो तेव्हा बेबीनंदाने विचारलं, पीठ कुठंय. मला दळण आणायला पाठवलं होतं.

सरकारी माणूस असल्यामुळे परवानगीशिवाय काही करणं माझ्या रक्तात नाही. स्टेशनमास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, रूळ नाहीत म्हणजे रेल्वे नाही, जागा नगरपालिकेची असणार. नगरपालिकेत म्हणाले, जिनाची असणार. जिनाच्या फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता, त्याला मालक कोण हेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, जागा रेल्वेची. तिघांनीही आपली नसलेली जागा वापरायला मला परवानगी मात्र घ्यायला सांगितली. अखेर आमचे शेजारी तातेराव यांना विचारलं. तातेराव निवृत्त तलाठी. जमिनीच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा, आणि इतर बाबतीतही शेवटचाच, कारण त्यांच्यानंतर बोलायची कुणाची ताकद उरत नसे. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि जी जागा कुणाचीच नाही तिथे कामाला कुणाची हरकत येत नाही असा निकाल दिला. काम कसलं ते मी सांगायच्या आत त्यांचा डोळा लागला. एवढी एक गोष्ट त्यांनी ऐकून घेतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी पहाटेच मी फक्कीची पिशवी आणि सुतळी घेऊन भरावावर गेलो. बेबीनंदाने आदल्या दोन दिवसांत पडायचं तेवढं पडून घेतलं होतं, कुणी न बघता. आता फक्त सरळ जाणं बाकी होतं. मी सुतळी ताणली आणि वाकून भरावाच्या मधोमध पांढरी रेघ ओढायला लागलो. हे काम फार सुखाचं आहे. मागे वळून पाहिलं की रेघ लांबलेली दिसते. कचेरीत इतकी वर्षं काम केलं, पण मागे वळून पाहिल्यावर काही लांबलेलं दिसलं नव्हतं.

तेवढ्यात तांब्या घेऊन तातेराव बाभळींमागून वर आले. त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय करून राह्यले हो?"

माझं डोकं रेघेत. मी न बघताच म्हणालो, "लाईन टाकून राह्यलो."

तातेराव जागच्या जागी थांबले. "कुठवर?"

"बोरखेडीपर्यंत. जमलं तर पुढे जाफराबादपर्यंत नेऊ."

"वरून ऑर्डर आली?"

"आली ना. सोमवारी हजर व्हायचंय."

तातेरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तांब्या घेऊन जसे आले होते तसेच घाईने माघारी गेले.

आता हे बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. जालन्यात जन्मलेलं मूल पाळण्यात असतानाच दोन गोष्टी ऐकतं. एक अंगाई, आणि दुसरी म्हणजे खामगावची लाईन होणार. जालन्याहून जाफराबादच्या अंगाने खामगावला रेल्वे नेणार, ही गोष्ट माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकली होती. दर काही वर्षांनी कुणाला तरी शेतात एक खुंटी सापडते, आणि ती गाय बांधायची खुंटी आहे हे सिद्ध होईपर्यंत जमिनीचे भाव वाढलेले असतात. अशा गावात, माझ्यासारख्या पाटबंधारे खात्याच्या कारकुनाने, पहाटे, जुन्या रुळाच्या भरावावर उभं राहून सांगितलं की लाईन टाकून राह्यलो. मी तातेराव असतो तर मीही पळालो असतो.

दुपारपर्यंत भरावावर जत्रा भरली. लोक रेघेच्या दोन्ही बाजूंना उकिडवे बसले होते आणि वाद रंगला होता. रूळ दोन असतात आणि रेघ एकच, म्हणजे दुसरी उद्या पडणार यावर एकमत होतं. वाद होता तो दुसरी रेघ किती लांब पडणार यावर. जवळ पडली तर छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज, लांब पडली तर मोठी, म्हणजे ब्रॉडगेज. मोठ्या लाईनीसाठी मराठवाड्याने किती अर्ज केले, किती मोर्चे काढले, त्यामुळे मोठीच पडणार असं बहुतेकांचं म्हणणं होतं. छोटी तर छोटी, पण येऊ द्या, असं म्हणणारेही थोडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो माझ्या रेघेच्या बाजूला साडेपाच फुटांवर कुणीतरी राखेने दुसरी रेघ मारलेली. संध्याकाळी ती पुसून कुणी जवळ मारली. तिसऱ्या दिवशी तिथे धक्काबुक्की झाली.

मी प्रत्येकाला सांगत होतो की ही रेघ सायकलीसाठी आहे. लोक मान हलवत, एकमेकांकडे बघत आणि हसत. एकजण म्हणाला, सरकारी माणसाला बोलायची मनाई असते, बराबर हाय. मी शपथ घेतली. तेव्हा तो म्हणाला की शपथ घ्यावी लागती म्हंजे गोष्ट लई मोठी हाय. कचेरीत साहेबांनी बोलावून घेतलं. दार लावलं. परवानगीशिवाय सरकारी कामासारखं दिसणारं काम केल्याबद्दल मला झापलं, त्याचा मेमो देईन म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून स्टेशन साधारण कुठे होईल ते विचारलं. त्यांच्या मेव्हण्याला प्लॉट घ्यायचा होता.

कडूबाने कारभार हातात घेतला तेव्हा प्रकरण माझ्या हाताबाहेर गेलं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आमच्याकडच्या निम्म्या मुलखाने खडी फोडली होती आणि कडूबा तेव्हा मुकादम होता. दुष्काळ गेला, कामं बंद झाली, पण कडूबाच्या गळ्यातली शिट्टी गळ्यातच राहिली होती. तो भरावावर आला, रेघ नजरेने तोलली आणि शिट्टी वाजवली. शिट्टी ऐकून बसलेली माणसं सवयीने उठून उभी राहिली. मी धावत जाऊन म्हणालो की कडूबा, इथे हजेरी नाही, पगार नाही, काहीच नाही. तो म्हणाला, "पगार कोण मागून राह्यलं? ही आपली लाईन हाय. दुष्काळात दुसऱ्याचे रस्ते केले, आता आपला करू."

मला खरंच गहिवरून आलं आणि सायकलीचं सांगायचं राहून गेलं. लोक घरून कोयते घेऊन आले. बाभळी छाटल्या, काटे ओढले, खड्डे भरले. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे उकिरडा टाकला त्यांनीच तो उचलला. दोघा पानवाल्यांनी भविष्यातल्या स्टेशनासमोरची जागा दगड ठेवून धरली.

फक्त एका जागी काम अडलं. नहरीची वाट जिथे सुरू होते तिथे गिरिजाबाईंचं खोपट होतं आणि भरावावर आडव्या त्यांच्या गोवऱ्या रचलेल्या होत्या. म्हातारी हटेना. तिची एकुलती लेक चिखलीकडे, खामगावच्या लाईनीच्याच वाटेवर, दिली होती, आणि बाळंतपणाला सुद्धा म्हातारीला तिथे जाता आलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. स्टेशन खोपटासमोर करा, मग गोवऱ्या हलवते. कडूबाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. कडूबाने याचा अर्थ हो असा घेतला आणि म्हातारीने पदर खोचून गोवऱ्या हलवल्या.

या सगळ्यात बेबीनंदाची शिकवणी बंद पडली होती. पहाटे जावं तर माणसं, सांजेला जावं तर माणसं. कुणी बघू नये म्हणून मी जी जागा शोधली होती, तिथे आता सबंध जालनं बसून होतं. सायकल घरात भिंतीला टेकून होती आणि बेबीनंदा तिच्याकडे बघत भाकरी थापायची. शनिवारी तिने तवा उतरवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमच्या लाईनीवर चालतील त्या सायकली तुम्हाला दिसून राह्यल्या," ती म्हणाली. "माझी एक दिसती का? परवा मी हजर न्हाई झाले तर ती जागा दुसऱ्याला जाईल. आईनं आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस निवडला. मला तिला सांगावं लागंल, की लोक बघत होते म्हणून मी गेले न्हाई."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तसाच उठून भरावावर गेलो आणि कडूबाला गाठलं. आता स्पष्ट बोलायचं असं ठरवूनच गेलो होतो आणि अगदी स्पष्ट बोललो. म्हणालो, "कडूबा, सोमवारी सकाळी लाईन रिकामी पायजे. बोरखेडीपर्यंत. कुणी मधे यायचं न्हाई. आमच्या घरचं माणूस जाणार हाय."

कडूबाने फक्त पहिला भाग ऐकला. सोमवारी सकाळी लाईन रिकामी पाहिजे, म्हणजे तपासणीची ट्रॉली येणार. ट्रॉलीवर मोठे साहेब येणार. रविवारी दिवसभर नहरीच्या काठची पाऊलवाट बोरखेडीपर्यंत साफ झाली. जिथे पाणी फुटून वाट तुटली होती तिथे दगड बसवले गेले. तातेरावांनी स्वागताचं भाषण पाठ केलं.

सोमवारी सकाळी मी आणि बेबीनंदा सायकल हातात धरून भरावावर चढलो आणि दोघंही थांबलो. दोन्ही बाजूंना माणसं ओळीने उभी होती. पोरं पुढे, बाया मागे, दोन हलगीवाले, तातेराव हार घेऊन. मधोमध माझी पांढरी रेघ, नव्याने ठळक केलेली, आणि शेजारी कुणाचीच दुसरी रेघ नाही. वाद मिटवून लोकांनी तो निर्णय साहेबांवर सोडला होता. इतकी स्वच्छ आणि इतकी सुंदर वाट मी जन्मात पाहिली नव्हती. मला तीच वाट स्वप्नात दिसली होती, फक्त स्वप्नात माणसं सायकलींवर होती.

तातेराव पुढे आले. आमच्या मागे डोकावले. "साहेब कुठंयत?"

मी सायकलीच्या घंटीशी चाळा करू लागलो. तेव्हा बेबीनंदाने पदर कमरेला खोचला आणि शाळेत शिकवायच्या आवाजात, जो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, म्हणाली, "साहेब कुणी न्हाई. रेल्वे बी न्हाई. मला बोरखेडीच्या शाळेत हजर व्हायचंय आज. मला सायकल नीट येत न्हाई, म्हणून ह्यांनी रेघ मारून दिली. ह्यांनी तुम्हाला कितींदा सांगितलं, तुम्ही ऐकलं न्हाई."

हलगीवर एक थाप पडली आणि थांबली. कडूबाच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते, तो ते बघत राहिला. "म्हंजे आठ दिस आम्ही हे," तो म्हणाला आणि त्याने पुढचं वाक्य सोडून दिलं. मला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. इतक्या माणसांचं इतकं जुनं स्वप्न माझ्या हातून, आणि तेही फक्कीने, मोडलं होतं. तातेरावांनी हार पाठीमागे लपवला.

मग गर्दीतून गिरिजाबाई पुढे आल्या. त्यांनी बेबीनंदाकडे खालून वरपर्यंत पाहिलं, सायकलीची घंटी बोटाने दाबून बघितली.

"तू मास्तरीण हायेस?"

"हो."

"रोज जाशील इथून?"

"जाईन."

"मंग अगुदर का न्हाई सांगितलं, पोरी? गोवऱ्या म्या जराशाच हलवल्यात. अजून लांब टाकल्या असत्या." आणि त्या तातेरावांकडे वळल्या. "तो हार इकडं आणा. साहेब कवा येतील तवा येतील, ही आज जाऊन राह्यली."

हार हँडलला बसला. मग कडूबाने नाक पुसलं, शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. माणसं दोन पावलं मागे सरली.

बेबीनंदा चढली. मी कॅरियर धरून धावलो. एवढी माणसं असून पेडलचा आवाज ऐकू येत होता. एका जागी चाक डळमळलं आणि दोन्ही बाजूंच्या बायांनी एकदम श्वास ओढला. बेबीनंदाने कुणाकडे पाहिलं नाही, फक्त रेघेकडे पाहिलं. मी कधी सोडलं मला कळलं नाही. पुढे नहरीच्या वळणावर पाण्यात तिची पांढरी साडी क्षणभर दिसली आणि मग वळणाच्या पलीकडे फक्त घंटी वाजली.

घरी जायचं तर लोक घरी गेलेच नाहीत. कामाला गेले ते संध्याकाळी परत आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. कडूबा भरावावर बसून होता, गिरिजाबाई बसून होत्या, तातेराव न म्हटलेलं भाषण हातात घेऊन बसले होते. मी दर थोड्या वेळाने वळणाकडे बघत होतो. ऊन तांबूस झालं, बाभळींवरचा कापूस तांबूस झाला आणि वळणावर घंटी वाजली.

ती सरळ येत होती. इतकी सरळ की रेघेची गरज नव्हती. पोरं ओरडायला लागली, हलगी वाजली, कडूबा हात पसरून पुढे धावला. आणि बेबीनंदा ओरडली, "बाजूला व्हा. मला उतरता येत न्हाई."

हे खरं होतं. चढणं शिकवलं होतं, चालवणं शिकवलं होतं, उतरायच्या वेळी दर वेळी मी कॅरियर धरायचो. उतरण्याचा धडा पुढच्या आठवड्यात होता आणि पुढचा आठवडा रेल्वेत गेला. बोरखेडीला ती झेंड्याच्या कट्ट्याला पाय लावून थांबली होती, हे मला नंतर कळलं. माणसं फाकली. ती मधून निघून गेली, भराव उतरली, आणि समोर जो एकच रस्ता होता त्याला लागली. तो मस्तगडचा होता. ऐन बाजाराची वेळ.

मी धावलो. माझ्या मागे कडूबा, त्याच्या मागे सगळी लाईन. ज्या उतारावरून जाताना तिला पदर डोक्यावर घ्यावासा वाटायचा, त्या उतारावर ती एकटी, गळ्यात पिशवी, हँडलला हार. मला वाटेत पडलेली सायकल दिसेल, गर्दी दिसेल, असं वाटत होतं. काहीच दिसलं नाही. पाशामियाँ दुकानासमोर उभे होते, हातात पाना.

"बेबीनंदा?" मी दम लागून विचारलं.

"दोनदा गेल्या," पाशामियाँ म्हणाले. "खाली चौकातून वळून वर येत्यात, परत खाली जात्यात. बसा तुम्ही."

मी बाकड्यावर बसलो. मागची माणसंही येऊन दुकानाच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. थोड्या वेळाने चौकाकडून घंटी ऐकू आली. बाजार आपोआप बाजूला सरकला. बेबीनंदा चढावर उभी राहून पेडल मारत होती, केस सुटले होते, आणि ती हसत होती. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिने तोंड लपवलं नाही. मी उठून रस्त्याच्या मधे आलो, कॅरियर धरायला हात पुढे केले आणि म्हणालो, "उतर आता, धरतो मी."

ती माझ्या हातांना वळसा घालून पुढे गेली आणि मागे न बघता म्हणाली, "थांबा जरा. अजून एक चक्कर."